नाकातून पाणी गळतंय? आधी नाकपुडी बघा

सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, मग नळ सोडल्यासारखं पाणी आणि नऊ वाजेपर्यंत सगळं बंद. याला पडसं म्हणून गोळ्या घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. पडशात आधी घसा खवखवतो, अंग मोडून येतं, दोन-तीन दिवसांत शेंबूड घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत प्रकरण मिटतं. महिनाभर पाण्यासारखंच वाहत राहिलं तर कारण वेगळं.

नाक, डोळे, टाळू खाजत असेल तर अ‍ॅलर्जी. पावसाळ्यात ओलीची बुरशी आणि फुलावर आलेलं काँग्रेस गवत, खानापूरकडे भाताच्या मळणीची धूळ, बारा महिने गादीतले सूक्ष्म किडे. यात सेटिरिझिन चालते, पण झोप येते; गोळी घेऊन गाडी चालवू नका. जुन्या त्रासाला डॉक्टर नाकाचा स्टिरॉइड स्प्रे देतात आणि तो बहुतेक जण चुकीचा मारतात. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक कानाच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं. जोरात ओढला की औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात; तिसऱ्या दिवशी बाटली फेकू नका.

खाज नाही, पण गार वारा, उदबत्ती, अत्तर लागलं की नाक सुटतं, तिथे नाकाच्या नसाच हळव्या असतात. सेटिरिझिनचा फारसा उपयोग नाही. झणझणीत रस्सा खाताना वाहणारं नाक त्याच जातीचं. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची कांडताना किंवा निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीने वाहतं, तो निव्वळ झोंबण्याचा परिणाम. तोंडाला फडकं बांधा. चोंदल्या नाकाचे थेंब इथे कामाचे नाहीत; पाच दिवसांच्या वर घातले तर उलट नाक चोंदतं.

आता एकाच नाकपुडीचं. शिंक नाही, खाज नाही; भांडी घासायला वाकलं की टप-टप स्वच्छ पाणी पडतं आणि घशात उतरलं तर खारट लागतं. हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यावर किंवा सायनसच्या ऑपरेशननंतर, कधी कधी काही आठवड्यांनीही, ते गळू लागतं. मार नसतानाही होतं, विशेषतः वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन बायकांत. शेंबडाचा रुमाल वाळून कडक होतो, याचा होत नाही. ही नुसती खूण आहे, खात्री नव्हे. साखर तपासायच्या पट्टीवरही भरवसा नको, कारण अश्रूंतही साखर असते.

धोका मेंदूज्वराचा. म्हणून नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, नाकात थेंब किंवा मिठाचं पाणी घालायचं नाही. उशी उंच घ्या. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाताना स्वच्छ कोरड्या डबीत पडेल तेवढं पाणी धरून न्या. ते मेंदूभोवतीचंच पाणी आहे का हे सांगणाऱ्या बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासणीला थोडंसं पुरतं. त्यानंतर सीटी स्कॅनवर भोक कुठे आहे ते शोधतात. मार लागून झालेली गळती पुष्कळदा विश्रांतीने थांबते, नाहीतर नाकातूनच दुर्बिणीने बुजवतात. ताप, ताठ मान, असह्य डोकेदुखी यातलं काहीही आलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठा.