पूर्व भागातला ओटा: विचारूनही कँडिड मिळतं!

सोलापुरात रस्त्यावरचे फोटो काढताना अडलेला ओट्याचा गुंता अखेर सुटतोय: घराच्या ओट्यावर बसलेल्यांना विचारलं, तर कँडिड, म्हणजे पोझ न घेतलेला फोटो, मिळणार कसा? लक्ष्मी मंडईत माझा नियम जुनाच आहे: गर्दीत न विचारता काढायचं, कुणी हात आडवा केला की त्याच्यासमोर डिलीट करायचं, वाद घालायचा नाही. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेले भक्त नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलत निघतात, तिथे विचारणार तरी कुणाला?

पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या बायका मात्र स्वतःच्या ओट्यावर बसलेल्या असतात. मी रस्त्यावर, त्या घरात, मध्ये हातभर अंतर. 'रस्ता सार्वजनिक, मग दिसेल ते काढा' हे आपल्या फोटो काढणाऱ्यांतल्या काहींचं म्हणणं मला पटत नाही. टेली लेन्सने (दूरचं जवळ आणणाऱ्या) लांबून टिपणं तर त्याहून वाईट, ते चोरून बघणंच झालं. पण विचारलं की पदर सावरला जातो, सूप बाजूला सरकतं आणि समोर पासपोर्ट फोटो उभा राहतो.

उत्तर त्यांच्या मजुरीतच होतं. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते, त्यामुळे हात फार वेळ थांबवणं परवडत नाही. आता तेलुगूत 'अक्का, फोटो तीस्कोवच्चा?' (फोटो काढू का?) विचारतो, पहिली पोझ निमूट काढतो, स्क्रीनवर दाखवतो आणि तिथेच टेकतो. थोड्या वेळाने सूप पुन्हा मांडीवर येतं, तेंदूपानावर कात्री चालू लागते, शेजारणीशी गप्पा रंगतात. मग २३ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस आधीच सव्वातीन मीटरवर लावलेला. माझ्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर पावणेदोन मीटरच्या पुढचं सगळं धारदार येतं, कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज नाही. सुपातल्या बोटांची एक फ्रेम अशी आलीय की तीच चार वेळा उघडून पाहिली.

सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढणारं) कायमचं बंद केलंय. एलईडीखाली पट्टे येत होतेच. शिवाय खटका ऐकू गेला तर नको म्हणायची संधी मिळते. उजेड कमी असेल तर शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणजे १/१०० मध्ये एक लुकलुक पूर्ण मावते आणि उजेड सारखा येतो.

गड्ड्याची मालिका करायची होती, पण लिहितानाच ठरतंय की आधी प्रिंट वाटायच्या. एक अक्का म्हणाल्याच, 'काढून नेतात सगळे, आणून देत कुणी नाही.' प्रिंट मॅटच घेणार. नेहमीच्या लॅबच्या ग्लॉसीत सावल्या हिरवट येतात. लहान मुलांच्या फ्रेम आईने हो म्हटल्याशिवाय कुठेही टाकणार नाही. आणि 'पुढच्या आठवड्यात आणून देतो' हे तेलुगूत कसं म्हणायचं, तेवढं कुणीतरी शिकवा.