तुम्ही विचारलंत म्हणून : घरी ब्रेक बदलून किती वाचले?

साताऱ्यात, गोडोलीत आमच्या दारात गाडी जॅकवर चढलेली दिसली की येणारा-जाणारा एकदा तरी थांबतो आणि विचारतो, "मॅडम, हे घरी करून किती वाचतात?" बाईमाणूस पाना घेऊन बसलीय याचं आश्चर्य आता कुणाला वाटत नाही. हिशेबाचं कुतूहल मात्र जात नाही.

तर हिशेब असा. पहिल्या खेपेला काहीच वाचलं नाही. गाडी टेकवायला दोन मजबूत स्टँड, बोल्ट ठरल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना, तारेचा ब्रश, ब्रेकचं वेगळं ग्रीस, एवढ्यातच मजुरीचे पैसे गेले. पार्टचे पैसे तर कुणालाच चुकत नाहीत. पुढच्या खेपेपासून थोडं वाचतं, पण नुसत्या पैशासाठी करणार असाल तर राहू द्या. मी हे करते ते सवडीने करता येतं म्हणून. गॅरेजात मागे चार गाड्या उभ्या असतात. ब्रेकचे झिजलेले पॅड काढले, नवे घातले, गाडी बाहेर. मेकॅनिकचा त्यात दोष नाही, त्याचं पोट त्यावर आहे.

पण पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिना कोण पुसणार? आपल्याकडे पावसाळ्यात कास, बामणोलीच्या बाजूला चकरा झाल्या की चाकात चिखल-पाणी जातंच. पिनेवरचं रबर कुठं फाटलं असेल तर ती गंजते, कॅलिपर सरकायचा थांबतो, आणि बहुतेक वेळा पिस्टनच्या, म्हणजे पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, बाजूचा आतला पॅड झिजून पत्र्याला टेकतो. बाहेरचा मात्र अजून जाड असतो, आणि चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला तोच दिसतो! नवे पॅड घातले तरी पिना तशाच असतील तर पुन्हा तेच होणार. मी पिना काढून पुसते आणि ब्रेकचं ग्रीस लावते. साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. कॅलिपर मोकळा केला की तारेनं वर बांधायचा. ब्रेक ऑइलच्या पाइपावर लोंबकळत ठेवायचा नाही.

पुढच्याच ब्रेकची एवढी काळजी का, असंही विचारतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. यवतेश्वर घाट उतरताना उताराची त्यात भर पडते. कासच्या फुलांच्या दिवसांत बोगद्याजवळ उभं राहा, ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आलेल्या गाड्यांचा जळका वास येईल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं मात्र १५५ च्या आसपासही उकळू शकतं. वाफ झाली की पेडल मऊ पडतं. म्हणून ऑइल वेळेवर बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा. ऑइल बदलायला मात्र दोन माणसं लागतात. आमचे हे आत बसून पेडल दाबतात, मी खाली कॅलिपरवरचं ऑइल सोडायचं निपल उघडते. "दाबा... धरा... सोडा" एवढाच संवाद. संसारात इतकं एकमत क्वचितच होतं.

आता ब्रेक सोडून लोअर आर्मकडे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याकडे. स्पीडब्रेकरवर खालून खट्खट् आवाज आला की बहुतेक जण शॉकअपला दोष देतात. बऱ्याचदा तिथलाच लिंक रॉड नावाचा छोटा दांडा किंवा लोअर आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलेलं असतं, आणि ही दोन्ही कामं घरी होतात. यातली एक गोष्ट गॅरेजातही सर्रास राहून जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बुशचा बोल्ट पूर्ण आवळायचा नसतो. तसा आवळला तर गाडी खाली आल्यावर आतलं रबर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं कायम ताणात राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने लावायचा, मग गाडीचा भार चाकावर येईल असं करून पुस्तकात दिलेल्या मापाला आवळायचा. नवा आर्म लवकर गेला की लोक दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घालतात. माल खोटा नसतो असं नाही, पण आधी हे विचारून बघा.

जे मी करत नाही तेही सांगते. शॉकअप घरी खाली काढते, पण त्यावरची स्प्रिंग दाबून नट उघडायला गॅरेजातच नेते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. शॉकअप बदलायचे तर जोडीने, आणि नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, करून घ्यायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. मागच्या चाकांना दगड लावायचे. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून घट्ट करायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पाय थेट तळाला जातो. त्या वेळी गाडी फाटकातून बाहेर पडत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

"मग आमचीही एकदा बघा ना," असं यापुढे हमखास येतं. बघते. आवाज कुठून येतो ते सांगते, पॅड किती उरलेत ते दाखवते, चहाही पाजते. पण दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक मी उघडत नाही.