डांबऱ्या, रद्दी आणि तीन जिने

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता राहून जाईल. ‘कुत्र्याला घरातला बॉस कोण ते कळलं पाहिजे’ असं म्हणणारा ट्रेनर दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. आम्ही त्याला १,५०० रुपये दिले. तीन वर्षं होत आली, तो आकडा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आम्ही डोंबिवलीला राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हे ध्यानात ठेवा, पुढे जिन्याचा संबंध फार येणार आहे. जुलैच्या धो धो पावसात माझा मुलगा क्लासवरून येताना रेनकोटच्या आत काहीतरी काळं, थरथरणारं घेऊन आला. टेम्पोखाली केकाटत होतं म्हणे. ‘फक्त आजची रात्र’ या अटीवर ते घरात शिरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, दीड महिन्याचा असेल. रंगावरून मुलाने नाव ठेवलं डांबऱ्या. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, ‘देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाय पडता कामा नये त्याचा.’

चावरेपणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो काळ आता मला धड आठवतही नाही. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि ते २८ सुया असतात. माझ्या गाउनची कड, ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेचा बंद, चार्जरच्या दोन वायरी, मुलाचा एक कान (थोडक्यात वाचला). जुना नॅपकिन ओला करून गाठ मारायचा, फ्रीजरमध्ये टाकायचा आणि तो चघळायला द्यायचा. हिरड्यांना बरं वाटतं. हात चावला की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत. ओरडायचं नाही, ओरडणं त्याला खेळच वाटतो. सहाव्या-सातव्या महिन्यात दात बदलले आणि तो प्रकार आपोआप संपला. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे तर उकडलेल्या चिकनच्या चार तुकड्यांवर आठवड्याभरात शिकला. हुशार आहे हो तो. म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

लशी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात चूक काही नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. शेवटचा डोस चार महिन्यांच्या सुमाराला होतो. तोवर गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यावर शू-शी. आठ दिवसांत पठ्ठ्या शिकला. झोपेतून उठला की गॅलरी, खाल्लं की गॅलरी. मी शेजारणींना फुशारकीने सांगत होते की आमचा किती शहाणा आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर लशी झाल्या. हिरवा हार्नेस आणला, पट्टा आणला, खिशात चिकन घेतलं आणि मोठ्या थाटात खाली उतरलो. कंपाउंडमध्ये जांभळाखाली मऊ माती आहे. कुत्र्याला आणखी काय हवं? चाळीस मिनिटं उभे राहिलो. त्याने वास घेतले, मांजरीवर भुंकला, वॉचमनकाकांच्या चपला चाटल्या. शू काही केली नाही. वर आलो, दार उघडलं, आणि तो सरळ गॅलरीत धावला. गॅलरीतले कागद मी सकाळीच मोठ्या विश्वासाने उचलून टाकले होते. दोन गोल चकरा मारल्या, माझ्याकडे बघितलं आणि पायपुसण्यावर मोकळा झाला.

असं सत्तावीस दिवस चाललं.

कालनिर्णयवर मी दुधाच्या आकड्यांशेजारी फुल्या मारत होते, म्हणून नक्की सांगते, सत्तावीस. दिवसातून पाच वेळा खाली. चढताना जिन्यात नको म्हणून त्याला उचलून वर आणायचं, आणि तेव्हा तो सात किलोचा होता. पहाटे साडेपाचला ह्यांची पाळी, सकाळी शाळेआधी मुलाची, बाकी तीन माझ्या, त्यातली एक रात्री अकराला छत्री धरून. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी कितीदा तरी जिने उतरले आहे. खाली कधीही काही नाही. वर आलं की पाच मिनिटांच्या आत लादीवर, चटईवर, एकदा इस्त्रीच्या गठ्ठ्यावर.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं, तोंड घासा त्यात. कोणी म्हणालं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक द्या. (कशाची गुंडाळी ते लक्षात ठेवा.) कोणी म्हणालं, गावठी आहे, ह्यांना शिस्त लागतच नाही. हे सांगणाऱ्या बाईंचं विकतचं विदेशी पिल्लू वर्षाचं होऊनही डायपर घालतं, पण मी गप्प बसले.

मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो ट्रेनर आला. पाऊण तास बसला. त्याचं निदान असं, की डांबऱ्या स्वतःला कळपाचा नेता समजतो आणि मुद्दाम आमच्या घरात खुणा करतो. उपाय असा, की घरात शू केली की त्याला उताणा पाडायचं आणि धडपड थांबेपर्यंत दाबून धरायचं. त्याने करून दाखवलं. माझ्या मुलाचे डोळे भरून आले आणि मी, मला सांगायला लाज वाटते, ‘सर, बरोबर आहे तुमचं’ म्हटलं. एवढंच नाही, पुढचे चार दिवस मी स्वतः ते केलं.

चार दिवसांत दोन बदल झाले. पहिला, तो आमच्यासमोर घरात शू करेना. आम्ही जिंकलो असं वाटलं, आणि मग दिवाणाखालून वास आला. दुसरा बदल मला फार उशिरा कळला. माणसासमोर शू केली की आपल्याला उताणं पाडतात, एवढाच धडा तो शिकला होता. आता खाली जांभळाजवळ, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी उभी असताना तो कशाला करेल? जे थोडंफार जमलं असतं तेही त्या १,५०० रुपयांनी घालवलं.

हे म्हणायचे, ‘बघ, चेहरा बघ त्याचा, केलंय ते कळतंय त्याला.’ मलाही तसंच वाटायचं. कान मागे, मान खाली, नजर चोरलेली. त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही आणि मी मोबाइलवर वाचत बसायचे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर ठरत नाही. मालक रागावला की होतो, निरपराध कुत्र्याचाही होतो. आणि त्या कळपाच्या नेत्याची गोष्ट? ती आली बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांतून. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पहाटे दोन वाजता हे वाचून मी ह्यांना उठवलं. ते म्हणाले, ‘मग पैसे परत मागायचे का?’ आणि कूस बदलून झोपले.

दसऱ्याच्या सकाळी तर कळस झाला. समोरच्या काकूंनी दाराबाहेर मोठी रांगोळी काढली होती, मध्ये झेंडू, आपट्याची पानं. आम्ही खालून रिकाम्या हाती परत येत होतो. मी किल्ली शोधायला त्याला अर्धा मिनिट खाली ठेवलं. त्याने इकडेतिकडे बघितलं, माझी पाठ आहे याची खात्री केली आणि रांगोळीच्या बरोबर मध्यावर बसला. काकूंनी दार उघडलं तेव्हा धार चालूच होती. मी रडायलाच लागले. काकू बिचाऱ्या मलाच समजावत बसल्या, आणि संध्याकाळी सोनं द्यायलाही आल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की याला कुणालातरी देऊन टाकावं.

सुटका झाली ती कोजागिरीनंतर दोन दिवसांनी. इमारतीत दिवाळीची साफसफाई सुरू झाली होती. पहिल्या मजल्यावरच्यांनी रद्दीचे गठ्ठे बांधून वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी ठेवले होते, रद्दीवाला येणार म्हणून. आम्ही खाली उतरलो, आणि डांबऱ्याने पट्ट्याला असा हिसका दिला की माझा हात निखळायचा. तो थेट रद्दीवर चढला, बसला आणि एक मिनिटभर, मी खोटं बोलत नाही, एक मिनिटभर शू केली. गठ्ठा निम्मा भिजला. वॉचमनकाका खुर्ची उचलून पळाले.

सासूबाई त्या दिवशी बरोबर होत्या, भाजीला निघाल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अगं, तो कागद शोधतोय इतके दिवस. तूच शिकवलंस ना त्याला कागदावर?’

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसूनच राहिले. महिनाभर मी त्याला हट्टी म्हणत होते. तो शेवटपर्यंत मी सांगितलेलंच करत होता. शू कागदावर करायची. मातीवर करायची हे त्याला कोणी सांगितलं होतं? कागद काढून घेतले तर बिचारा त्यातल्या त्यात कागदासारखं सपाट, घरातलं काहीतरी गाठत होता.

पुढचं दहा दिवसांत झालं. त्याने वापरलेला, वासाचा कागद खाली नेला आणि जांभळाखाली पसरून वर दगड ठेवले. मी पट्टा लांब सोडून पाठ फिरवून उभी राहायचे, कारण माझं तोंड बघितलं की तो आखडायचा. तिसऱ्या खेपेला केली. तिथल्या तिथे चिकन, वर येऊन नाही. वर येऊन दिलं की त्याला वाटतं जिने चढल्याचं बक्षीस आहे. मग कागद रोज थोडा फाडायचा: अर्धं पान, पाव पान, शब्दकोड्याएवढा चौकोन. वसुबारसेला नुसती माती होती. आणि शू झाली म्हणून लगेच वर आणायचं नाही, ही चूक मी आधी करत होते. लगेच घरी न्यायला लागलं की ते लांबवत बसतात. शू झाली की मग फिरणं सुरू.

मधल्यामध्ये आठवलं म्हणून: लादी फिनेलने पुसून भागत नाही. आपल्याला वास येत नाही, त्याला येतो, आणि वास आला की तो तिथेच बसतो. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. अमोनियाचं काही नको, त्याचा वास शूसारखाच. दुसरं, लशी पूर्ण झाल्या नसल्या तरी पिल्लाला कडेवर घेऊन खाली नेता येतं. रिक्षा, भोंगे, शाळेची पोरं, लोकलचा आवाज हे सगळं त्याला पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ओळखीचं व्हायला हवं, नंतर भीती बसते. मला हे कोणी सांगितलं नाही. डांबऱ्या अजून फटाक्यांना घाबरतो, लक्ष्मीपूजनाला तो बाथरूममध्ये असतो आणि आमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर असतो.

आठव्या महिन्यात एकदा वाटलं सगळं पाण्यात गेलं. मी ‘ये’ म्हटलं की ढिम्म, आणि वॉचमनकाकांनी नुसती चुटकी वाजवली की धावत. इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये हेच छापलं होतं, की आठव्या महिन्याच्या सुमाराला कुत्री आपल्या माणसाचं ऐकत नाहीत आणि परक्याचं ऐकतात. तेव्हा माझा मुलगा आठवीत गेला होता, त्यामुळे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. खिशात चिकन ठेवलं आणि दिवस काढले. दीड वर्षाचा झाला तोवर गाडी रुळावर होती.

आता तो तीन वर्षांचा, अठरा किलोचा आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या जिने उतरायला घाबरायच्या. डांबऱ्या एक पायरी उतरतो, थांबतो, वळून बघतो, त्या उतरल्या की पुढची. हे आम्ही शिकवलेलं नाही. सकाळी त्या पूजेला बसतात तेव्हा तो देवघराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून पडतो. घंटा वाजली की कान हलतात, पाय आत जात नाही. पूजा झाली की खोबऱ्याचा तुकडा बाहेर येतो. मी काही म्हटलं तर आई म्हणतात, ‘प्रसाद आहे, त्यात काय.’ समोरच्या काकू गावाला जाताना त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला मला किल्ली देतात, आणि ‘त्यालाही आण गं, उंदीर झालेत’ असं सांगतात.

फक्त एक राहिलंय. पहाटे फिरताना आम्ही स्टेशनच्या बाजूने गेलो, की पुलाच्या पायथ्याशी पेपरवाले गठ्ठे सोडून पुरवण्या भरत बसलेले असतात. वीस पावलं आधीच त्याची चाल बदलते. मी पट्टा आखडते आणि आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातो.