बटाट्याचा मर रोग: हिरवं रोप म्हणजे प्रतिकारक रोप नव्हे

बटाट्याचं झाड कुंडीत ओल असूनही दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि थोड्याच दिवसांत कायमचं आडवं होतं. हा जिवाणूजन्य मर रोग. 'राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम' हा जिवाणू मुळांतून शिरतो, जलवाहिन्यांमध्ये वाढतो आणि चिकट द्रव सोडून पाण्याची वाट बुजवतो. एकदा जमिनीत शिरला की त्यावर खात्रीचं औषध नाही. म्हणूनच प्रतिकारक वाणाला इतकं मोल आहे. पैदासकारांनी निवडलेल्या काही क्लोनची (एकाच झाडापासून वाढवलेल्या हुबेहूब रोपांच्या वंशांची) या रोगासाठी चाचणी घेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत वाढवलेली, घेतली. बियाण्याच्या बटाट्यात हाच जिवाणू आधीपासून दडलेला असू शकतो आणि तसं झालं तर पुढचं सगळं व्यर्थ. माती निर्जंतुक केलेली, कुंड्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. सोबत हमखास बळी पडणारा एक वाण लावला. तो मेला नाही, तर बाकीच्यांच्या जगण्याला काही अर्थ उरत नाही.

जिवाणू सांभाळणं हे रोपं सांभाळण्यापेक्षा नाजूक काम. पेट्री डिशमध्ये पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की तो रोग करण्याची ताकद गमावतो. दिसायला जिवाणू तोच, पण रोपाला काही होत नाही आणि आपल्याला वाटतं, काय जबरदस्त क्लोन मिळाला! म्हणून उणे ८० अंशांना ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या साठ्यातूनच दर वेळी नवी सुरुवात करायची. वनस्पतिरोगतज्ज्ञ आर्थर केलमन यांनी १९५४ साली टेट्राझोलियम हे रंग दाखवणारं रसायन घातलेलं, जिवाणू वाढवण्याचं जे माध्यम सुचवलं, ते इथे आजही उपयोगी पडतं. त्यावर रोगकारक जिवाणूंच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे ठिपके) पांढऱ्या, ओघळणाऱ्या आणि मध्ये गुलाबी दिसतात. ताकद गेलेल्या वसाहती गडद लाल आणि घट्ट. पांढऱ्याच उचलायच्या. त्या पाण्यात मिसळून ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात गढूळपणाचं वाचन ०.१ आलं की मिलिलीटरमागे साधारण १० कोटी जिवाणू आहेत असं धरतात.

हे द्रावण कुंडीत ओतण्याआधी मुळं कापायची की नाही, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. सुरीने मुळं कापली तर रोग सगळीकडे सारखा लागतो, आकडे नीट येतात. पण काही रोपांची ताकद मुळाच्या दारातच असते. मूळ कापलं की ती ताकद तपासलीच जात नाही. खोडात सुईने जिवाणू टोचणं तर त्याहून कठोर. मी कापलेला आणि न कापलेला असे दोन्ही गट ठेवले. जागा दुप्पट लागली, पण माझ्या मते ती लागायलाच हवी.

तापमानाचंही तसंच. दक्षिण अमेरिकेतल्या सोलॅनम फुरेजा या बटाट्यातून प्रतिकारशक्ती घेऊन पूर्वी वाण तयार झाले होते. थंड हवेत ते टिकले, उष्णता वाढली की ढासळले. त्यामुळे ग्रोथ चेंबर २८ अंशांवर ठेवला. मग रोज ठरलेल्या वेळी नोंद: शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे पूर्ण मेलेलं. वेळ पाळणं फार महत्त्वाचं, कारण सुरुवातीच्या टप्प्यात सकाळचं टवटवीत रोप दुपारी कोमेजलेलं असतं.

बळी पडणारा वाण अपेक्षेप्रमाणे आधी कोसळला. त्याचा दांडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला, तेव्हा टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले. रोग तोच आहे, याची ही सर्वांत साधी खूण. काही क्लोन हळूहळू गेले. एक क्लोन मात्र शेवटपर्यंत हिरवागार राहिला आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळली.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "नाव पुढे पाठवायची घाई नको. आधी खोड उघडून बघ."

खोडाचे तुकडे अल्कोहोलने बाहेरून निर्जंतुक केले, कुटून अर्क काढला, तो टप्प्याटप्प्याने पातळ करून या जिवाणूसाठीच्या निवडक माध्यमावर पसरला. त्या हिरव्यागार क्लोनच्या खोडातून भरपूर वसाहती उगवल्या. जिवाणूचा डीएनए ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीनेही तेच सांगितलं. पुढे त्याच्या कंदांतही जिवाणू सापडला, आणि कंद बाहेरून अगदी नितळ होते. म्हणजे हा क्लोन रोगाला सोसत होता, रोखत नव्हता. असं बियाणं शेतकरी विश्वासाने लावेल, शेजाऱ्याला देईल आणि रोग न दिसता नव्या जमिनींत पोचेल. मर दाखवणारं झाड निदान उपटून तरी टाकता येतं.

उलट दुसऱ्या एका क्लोनची काही पानं कोमेजली होती, गुणांकनात तो मागे होता, पण न कापलेल्या गटात त्याच्या खोडात जिवाणू अगदी थोडे आणि तपासलेल्या कंदांत एकही नाही. अहवालात मी कोमेजण्याचे गुण आणि खोडाकंदातला जिवाणू असे दोन वेगळे रकाने केले आणि क्रम दुसऱ्या रकान्यावरून लावला. पैदासकारांना आधी ते पटलं नाही; हिरव्या क्लोनचं उत्पादनही चांगलं होतं. मी त्यांच्यापुढे पेट्री डिश ठेवल्या. शेवटी हिरव्या क्लोनला बियाणे साखळीबाहेर ठेवलं, कुंड्या, माती आणि निचऱ्याचं पाणी ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) मगच टाकलं, आणि तो थोडासा कोमेजलेला क्लोन रोगट शेतातल्या पुढच्या चाचणीसाठी निवडला गेला.