शेंदूर, ताणकाटा आणि मागची चाके

चवथीपूर्वी अंगण मोकळे करून देईन, असा शब्द मी शिमग्याच्या सुमारास आईला दिला होता. तो पाळला गेला, पण चवथीच्या जेमतेम चार दिवस आधी. तोपर्यंत गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घराच्या पडवीत एका माझदा एमएक्स-५ गाडीचे मागचे अर्धे अंग जुन्या वर्तमानपत्रांवर मांडलेले होते. १९९१ सालची ही दोन आसनी गाडी विलायतेत नोकरी करून परतलेल्या आमच्या एका काकांची. त्यांच्या पश्चात ती कित्येक वर्षे पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. मी ती चालवू लागलो तेव्हा मागून सतत हुंकार ऐकू येई, डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या डब्याच्या, तोंडाशी तेल पाझरत असे आणि वळणावर मागची बाजू किंचित उशिरा वळते आहे, असे वाटे. गाडी सुटी कशी केली, ते सांगण्यासारखे नाही. गंजलेला बोल्ट कापायला धीर लागतो, अक्कल फारशी लागत नाही. जोडणी मात्र वेगळीच गोष्ट निघाली.

या गाडीचे इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि ओढ मागच्या चाकांना. सोळाशे सीसीच्या या पहिल्या आवृत्तीच्या क्राउन व्हीलचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास सुमारे सहा इंच आहे; पुढे अठराशे सीसीच्या गाडीत कंपनीने तो सात इंचांचा केला. माझ्या गाडीच्या क्राउनला ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०, म्हणजे गुणोत्तर ४.३. दात शाबूत होते, बेअरिंगे मात्र खरवडली होती, म्हणून जुनीच जोडी ठेवून बेअरिंगे आणि सील नवी घालायची, असे ठरले. बेअरिंगे दाबून बसवण्यासाठी प्रेस हवा होता आणि तो उसगावच्या एका ट्रक गॅरेजमध्ये मिळाला. २०१८ साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडेपर्यंत खनिजवाहू ट्रकांचे डिफरन्शियल तिथे रोज उघडले जात. तिथल्या वयस्क मेस्तांनी आमचा डबा पाहिला आणि हसून विचारले, ‘‘बाब, हे खेळण्यातले की काय?’’ नंतरचे दोन रविवार मात्र ते स्वतःहून आमच्या पडवीत येऊन बसले.

जोडणीतला सगळ्यांत अवघड टप्पा पिनियनचा होता. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये पातळ पोलादाची एक नळी असते. पुढचा नट आवळत गेले की ती थोडी थोडी चेपते आणि बेअरिंगांवर ठरावीक दाब बसतो. नळी एकदा प्रमाणाबाहेर चेपली की नट सैल करून काही साधत नाही, नवी नळीच घालावी लागते. मी दोन मागवल्या होत्या आणि पहिली पहिल्याच दिवशी वाया घालवली, कारण लांब दांड्याच्या पान्याने एका झटक्यात अर्धा फेरा दिला. दुसऱ्या वेळी मेस्तांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. नट अंगठ्याच्या नखाएवढा फिरवायचा, पिनियन दहा-बारा वेळा फिरवून बेअरिंगांना बसू द्यायचे, मग मोजायचे. मोजण्यासाठी माझ्याकडे योग्य यंत्र नव्हते. त्यांनी घरातला ताणकाटा मागितला, ज्यावर आई काजूच्या बिया तोलते. पिनियनच्या पुढच्या टोकावरच्या गोल चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या, कडेला सुतळी गुंडाळून ती काट्याच्या आकड्यात अडकवली आणि एकसारखी ओढत फ्लँज फिरवली. केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर अडीच किलोची ओढ म्हणजे सुमारे सव्वा न्यूटन-मीटरचा पीळ. काटा तिथे पोहोचायला आम्हाला सव्वा तास लागला.

त्यानंतर शेंदूर. दातांवरचा स्पर्श तपासण्यासाठी बाजारात खास लेप मिळतो, पण जुन्या गॅरेजांत शेंदूर तेलात कालवून लावायची रीत आहे. ते शिशाचे संयुग असल्याने हातमोजे न घालता त्याला शिवू नये, हे मेस्तांना मी सांगितले आणि त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. क्राउनच्या सात-आठ दातांवर पातळ थर लावून, एका हाताने क्राउनला थोडा अडसर देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवले, की जिथे दात दातावर घासतो तिथला शेंदूर पुसला जातो. हा ठसा दाताच्या मध्यावर हवा. तो मुळाकडे सरकला तर पिनियन फार आत गेले आहे, टोकाकडे सरकला तर बाहेर राहिले आहे. पिनियनमागची मूळ चकती आम्ही बदलली नसल्यामुळे ठसा पहिल्याच फेरीत मध्यावर आला. दातांमधली मोकळीक तेवढी जास्त होती. दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या कड्या फिरवून ती डायल गेजवर एक दशांश मिलिमीटरपर्यंत आणली. बेअरिंगांच्या टोप्यांवर सुटे करतानाच पंचाने खुणा केल्या होत्या, म्हणून डावी-उजवीचा घोळ झाला नाही.

डबा गाडीखाली टांगणे हे अंगमेहनतीचे काम, त्यावर जास्त लिहीत नाही. मात्र या गाडीत गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना एका बाजूने जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट आहे. तिचे बोल्ट १०४ ते १२३ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, पण त्याआधी गिअरबॉक्सची शेपटी जॅकने नेमक्या उंचीवर धरावी लागते. ती खाली राहिली तर गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला ओढ नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि वेग वाढला की बैठकीखाली थरथर जाणवते. शाफ्टच्या फ्लँजचे चार बोल्ट तीसच्या आतच आवळायचे. इथे जोर लावणारा पस्तावतो. डब्यापासून चाकापर्यंत जाणाऱ्या हाफ शाफ्टचे दातेरी टोक आत सरकवताना सीलच्या ओठाला ओरखडा जाऊ नये म्हणून ते दोन्ही हातांनी सरळ धरावे आणि क्लिप बसल्याचा ‘टक’ आवाज येईपर्यंत थांबावे.

माझी खरी चूक यापुढे झाली. मागच्या निलंबनाच्या (सस्पेन्शनच्या) खालच्या आर्मला चाकाच्या बाजूने जोडणारा लांब बोल्ट या गाड्यांत हमखास गंजून बसतो, आणि आपल्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. दोन्ही बोल्ट कापूनच काढले होते. नवे बसवताना ग्रीस सढळ हाताने लावले. आर्मचे रबरी बुशही नवे होते. डावीकडचे सगळे बोल्ट बसले, या आनंदात गाडी जॅक स्टँडवर आणि चाके लोंबकळत असतानाच रात्री अकराला मी ते पूर्ण ताकदीने आवळून टाकले. या बुशमधले रबर आतल्या नळीला चिकटलेले असते आणि आर्म हलला की ते पिळले जाते. चाक लोंबकळताना आवळले तर गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. सकाळी गाडी खाली उतरवली तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा बारा मिलिमीटर उंच होती. मी स्प्रिंगला दोष दिला; मेस्तांनी वाकून एकदा पाहिले आणि न बोलता पाना पुढे केला.

चाकांवर भार ठेवून खाली शिरण्यासाठी मी अंगणातले चिरे रचणार होतो. चिरा एका ठिकाणी दाब आला की आगाऊ सूचना न देता फुटतो, असे मेस्तांनी बजावल्यावर फणसाच्या लाकडाचे जाड गुटके चारही चाकांखाली घातले, बोल्ट सैल केले, गाडी वरून चार-पाच वेळा दाबून बसू दिली आणि मग पुन्हा आवळले. फरक तीन मिलिमीटरवर आला. आतल्या बाजूचे उत्केंद्री कॅमचे बोल्ट जुन्या खुणांवरच ठेवले आहेत. त्यांनी कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचा आत-बाहेरचा रोख) हे दोन्ही एकदमच बदलतात, तेव्हा ते अंदाजाने फिरवण्यात अर्थ नाही.

हबचा, म्हणजे चाकाच्या मध्याचा, २९ मिलिमीटरचा नट २१६ ते २९४ न्यूटन-मीटर मागतो. तो चाक जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असताना, वडिलांना ब्रेकवर बसवून आवळला आणि त्याची कड खाचेत ठोकून दुमडली. तेल ९० ग्रेडचे, जीएल-५ प्रतीचे, फक्त ०.६५ लिटर. भरण्याचा प्लग नेहमी रिकामा करण्याच्या प्लगआधी उघडावा. वरचा प्लग अडकला आणि तेल आधीच सांडून गेले, अशी वेळ येऊ नये.

पहिली फेरी फर्मागुडीच्या चढापर्यंत घेतली. चढावर जोर असताना आवाज नाही. उताराला पाय काढल्यावर ताशी साठच्या आसपास बारीक सूर येतो, जुन्या जोडीचा. परतल्यावर डब्यावर हात ठेवला, तो टेकवता येण्याइतपतच गरम होता. रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर उजव्या हाफ शाफ्टच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग होता. ते सील तीन मापे सांगून मडगावात मिळाले आहे. आता ते घालण्यासाठी तो शाफ्ट पुन्हा काढायचा आहे, चवथ झाल्यावर.