मार्कांवर मिळालेलं सीआरपद

एस.वाय. बी.एस्सी.ला मी वर्गात पहिली आले आणि कॉलेज उघडल्यावर नोटीस बोर्डावर टी.वाय.ची वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर, म्हणून माझं नाव लागलं. मला कुणी विचारलं नव्हतं, वर्गालाही नाही.

ही गोष्ट २०१२ च्या सुमाराची. तेव्हा १९९४ चा विद्यापीठ कायदा लागू होता. त्याआधी थेट निवडणुका व्हायच्या: पॅनेल, पोस्टर, गेटवर हाणामाऱ्या. मुंबईत तर १९८९ मध्ये एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे त्या निवडणुका बंद झाल्या आणि कायद्यानं सरळ रस्ता काढला. मागच्या परीक्षेत पहिला तो सीआर. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांचा एकेक जण आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. या मूठभर मंडळींनी आपल्यातून विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडायचा. त्याला आम्ही यूआर (युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणायचो, माझा काका अजून जीएसच (जनरल सेक्रेटरी) म्हणतो.

राजकारण बाहेर ठेवायला केलेल्या या व्यवस्थेत राजकारण उलट स्वस्त झालं. हजारभर पोरं पटवण्यापेक्षा दहा-पंधरा जणांना गाडीत घालणं सोपं. मलाही फोन आला. "ताई, दोन दिवस महाबळेश्वरला चला, सगळ्या मुली आहेत, खर्च आमचा." बाबांनी फोन हातातून घेतला, "ती अभ्यास करतेय" एवढंच बोलले आणि ठेवून दिला. खेळाचा प्रतिनिधी मात्र गायब झाला तो मतदानाच्या सकाळीच ट्रॅक्समधून उतरला, उन्हानं काळवंडलेला, गळ्यात शिंपल्यांची माळ.

विभागप्रमुख मॅडमनी भरीला घातलं म्हणून मी सचिवपदाला उभी राहिले आणि पडले. मला मिळालेली मतं बहुधा मुलींचीच. वाईट वाटलं, पण फार नाही. थेट निवडणूक असती तर मी उभीच राहिले नसते. मार्कांच्या नियमानं माझ्यासारखी घुमी मुलगी त्या खोलीत पोचली हे खरं. पण पाठीशी वर्ग उभा नसताना पोचली, हेही तितकंच खरं. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, तेव्हा मला हेच आठवलं.

वर्ग पाठीशी आला तो केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमुळे. निम्मी मुलं एसटीच्या पासवर खेड्यांतून यायची. दुपारची बॅच साडेपाचला सुटायची आणि काही गावांची गाडी पाचची. ती गेली की थेट सातची. मी प्रत्येकाचं गाव आणि गाडीची वेळ लिहून काढली. बॅच रोल नंबरऐवजी गाडीप्रमाणे पाडा, लांबच्यांना सकाळची द्या, असा अर्ज केला. मॅडमना कल्पना पटली, पण अडचण लॉकरची होती. ब्युरेट, पिपेट ज्याच्या त्याच्या लॉकरमध्ये, आणि फुटलं की दंड त्याच्याच नावावर. बॅच बदलायची तर सगळं मोजून परत नावावर चढवायचं. लॅबमधल्या मामांनी कुरकुरत का होईना, दोन दुपारी माझ्यासोबत बसून ते केलं. गाडी चुकायची थांबल्यावर पोरं मला "सीआर" म्हणून हाक मारू लागली. त्याआधी "टॉपर" म्हणायची, तेही तोंड वाकडं करून.

गॅदरिंगमध्ये आमचा यूआर स्टेजवर आणि हिशेब माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. मांडववाला, साउंडवाला, वडापाव, बक्षिसांच्या ढाली. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, हे मला ऑफिसमधल्या क्लार्कनं साउंडवाल्याची पावती परत पाठवली तेव्हा कळलं. साउंडवाला म्हणाला, "इतकी वर्षं कुणी मागितलं नव्हतं." फिशपाँडच्या कार्यक्रमात मला पडलेल्या ओळी इथं लिहीत नाही.

अभ्यास व्हायचा तो रात्री. जर्नल सर्टिफाय करून घेणाऱ्यांच्या रांगेत मी अगदी शेवटी होते. इनऑर्गॅनिकच्या एका पेपरनं घात केला. डिस्टिंक्शन राहिलं, पहिला नंबर गेला. मार्कशीट घ्यायला गेले, तर क्लार्कनं आधी गॅदरिंगच्या हिशेबाचा शेवटचा कागद पुढे केला आणि सही मागितली. यूआर म्हणे गावाला गेला होता.