उलटं गाजर

गॅदरिंगची तारीख फळ्यावर लागली की वर्गातून पहिला प्रश्न यायचा, "सर, यंदा सर्कस आहे ना?" नाटुकली, समूहगीतं, बक्षीस समारंभ हे सगळं असायचंच, पण मुलं वाट बघायची ती आमच्या पंचवीस मिनिटांच्या सर्कशीची. त्यात जोकर मी.

सर्कस म्हणजे खरं तर खडूनं आखलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ. खऱ्या सर्कशीचं रिंगण साधारण 42 फुटी असतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीनं घोड्यांच्या कसरतींसाठी ते माप रूढ केलं. एवढ्या गोलात घोडा दौडला की पाठीवर उभ्या माणसाला तोल सांभाळता येतो. आमचा घोडा म्हणजे एका चादरीखाली वाकलेली दोन मुलं, तेव्हा बारा फुटांत भागायचं. तरी मागचे पाय पुढच्या पायांशी भांडायचेच.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल पडलो. 'चांगलं खा, सुदृढ राहा' असा विषय मिळाला होता आणि मी रंगीत टोपी घालून चक्क भाषण ठोकलं. यमकं जुळवलेलं, पण भाषणच. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतून कागदाचं विमान आलं. ते माझ्या नाकाला लागलं तेवढाच एक हशा.

दुसऱ्या वर्षी तालमी नीट झाल्या नव्हत्या. स्टेजवर आलो, हातात गाजर, आणि पुढचं वाक्य गायब. काय करावं सुचेना म्हणून गाजर डोक्यावरून फिरवून केस विंचरायला लागलो. तोच पुढून आवाज आला, "अहो, ते खायचं असतं!" मी मान डोलावली आणि पाल्याच्या बाजूनं चावा घेतला. मग अख्खं सभागृह, "उलटं! उलटं धरलंय!" गाजर कसं धरायचं, आधी धुवायचं, नीट चावायचं, सगळं मुलांनीच मला ओरडून शिकवलं. आदल्या वर्षी मी जे सांगून थकलो होतो तेच, बरं का.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: जोकरला काहीच येत नाही. सर्कशीत विदूषकांची जोडी असते, एक पांढऱ्या चेहऱ्याचा शहाणा, दुसरा लाल नाकाचा गबाळा. आम्ही शहाण्याला रजा दिली आणि त्याची जागा प्रेक्षकांना दिली. पुढे कधीतरी वाचलं की जोसेफ ग्रिमाल्डी या इंग्लिश विदूषकानं 1810 साली रंगमंचावर भाज्यांचा माणूस रचला होता, आणि तो जिवंत होऊन त्याच्याशीच ठोसेबाजी करायला लागायचा. म्हणजे भाज्या घेऊन धिंगाणा घालणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

सगळ्यात गाजला तो साखरेचा खेळ. एक रिकामा काचेचा जार, शेजारी ढोल. जोकर म्हणणार, "मला थंडगार सोडा करायचाय, साखर किती घालू?" मुलं म्हणणार, "एक!" मी टाकतच राहायचो. ढोल वाजतोय, मुलं मोजताहेत, चार, पाच, सहा... सातव्या चमच्याला "बास!" असा कल्लोळ. नऊ चमचे झाले की मी थांबायचो. कोलासारख्या गोड सोड्याच्या 330 मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे चार ग्रॅमचा चमचा धरला तर जवळपास तेवढीच. हा आकडा मी स्टेजवरून कधी उच्चारला नाही. जारच्या तळाशी साचलेला पांढरा थर बघून मागच्या रांगेतले पालकही गप्प व्हायचे.

एका वर्षी विंगेत कुणीतरी बरण्यांची अदलाबदल केली. शेवटी चमचा चाटायचा असतो. मी मोठ्या तोऱ्यात चाटला, तर मीठ! मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझा बराचसा कोटा एका दमात उरकला. माझं तोंड बघून जो हशा पिकला तो आजवरच्या कुठल्याही अभिनयाला मिळाला नाही.

सगळंच चांगलं केलं असंही नाही. एकदा केकला खलनायक केलं आणि पोटावर उशी बांधून जाड्या जोकर नाचवला. हशा भरपूर मिळाला. पण पडदा पडल्यावर एक अंगानं जाड मुलगा कोपऱ्यात डबा न उघडता बसलेला दिसला. ती उशी मी पुन्हा बांधली नाही. केकही खलनायकाच्या भूमिकेतून सुटला. मूर्ख दिसायचं ते जोकरनं, पोरांनी नव्हे.

खेळ संपला की ग्रीनरूमबाहेर चिरलेल्या भाज्या-फळांचं ताट आणि थोडी अख्खी गाजरं ठेवायचो. खाण्याची सक्ती नाही. नवी चव मुलांना आपलीशी वाटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा द्यावी लागते, आणि आमचं ताट तर वर्षातून एकदाच, त्यामुळे माझी फार अपेक्षा नसायची. एक मुलगी दर वर्षी गाजर उचलायची, हुंगायची आणि ठेवून द्यायची. तिसऱ्या वर्षी तिनं टोक कुरतडलं, तोंड वाकडं केलं, आणि उरलेलं गाजर माझ्या झगमगीत कोटाच्या खिशात खोचत म्हणाली, "सर, हे तुम्ही संपवा. पण सुलट बाजूनं."